अक्का, तुम्ही भ्याला नव्हता

ती. अक्कांना धाकट्या जावेचा, यमुनेचा दंडवत.

सासूबाईंचे गुडघे तिकडं तरी दुखायचे थांबले का? मामंजींचा खोकला कसा आहे? आणि तुमच्या छातीतली ती गाठ? आता त्रास नसेल ना हो!

अक्षरं मी तुमच्या बाबूच्या पाटीवरून शिकले, चुका पोटात घाला. सोलापूरच्या दवाखान्यातून लिहितेय. तुमच्यासारखीच गाठ माझ्याही छातीत निघाली. उद्या सकाळी कापणार.

चार वर्षांमागं इथंच मी तुम्हाला आणलं होतं. येरमाळ्याहून बार्शीपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी, आणि साऱ्या वाटेनं तुम्हीच मला धीर देत होता! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगावरचं सगळं उतरवावं लागेल." तुमचा हात गळ्यातल्या कवड्यांच्या माळेवर गेला. लहानपणी बाबू देवीच्या आजारातून उठला, तेव्हा तुळजापूरला घातलेली माळ. मरेपर्यंत उतरवायची नाही, अशी बोली.

"चल घरी, यमे."

"माळेपायी जीव देता व्हय?"

"आईनं माझं लेकरू परत दिलंय. तिला दिलेला शबद म्या कसा मोडू?"

मला लई राग आला. आडावर बायकांना सांगत सुटले, "आमची अक्का सुरीला भ्याली!" तुमच्या कानावर गेलं, तर हसून म्हणालात, "व्हय, भ्याले. भाकरी थाप आता." असं का केलंत? दोन शिव्या तरी हासडायच्या होत्या!

पुढं दोन चैत्र निघाले. येडाईच्या यात्रेत देवळाच्या चुन्यासाठी चुनखडी वेचायला तुम्ही सगळ्यांच्या पुढं. दुसऱ्या वर्षी उजवा हात उचलेना, तर डाव्यानं वेचलीत. तोंडावर केवढा आनंद! तो बघूनही मला उमगलं नाही. तिसऱ्या चैत्राला तुम्ही नव्हता.

आज उमगलं. नर्स म्हणाली, "मंगळसूत्र काढा," आणि माझा हात गळ्याशीच अडला. हे दारात उभे होते. म्हणाले, "काढ की! मी जित्ता हाय न्हवं?" मला हसूच फुटलं. काढून त्यांच्या हातात दिलं. माझी कुणाशी बोली नव्हती, म्हणून मला जमलं, अक्का.

घरी गेले की आधी आडावर जाईन. ज्या बायकांना तेव्हा सांगितलं, त्यांनाच सांगेन, माझी अक्का भ्याली नव्हती. हा माझा शबद.

उत्तर लवकर धाडा. तुम्हाला लिहिता येत नाही, तर मामंजींकडून लिहून घ्या. मात्र न्यायला कुणी येऊ नका.

तुमची,
यमी