नेमाबाहेरचा हात

अक्का, तुझ्याबद्दल मी एक चुकीची गोष्ट छापून आणली. कॉलेजच्या वार्षिक अंकात मी लिहिलं की माझी विधवा आत्या आपल्या पंथाच्या नेमात राहिली, कारण तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. सगळ्यांना ते पटलं. पण तुला जागा होती. धुळ्यात, देवपुरात, बालवाडीत नोकरी आणि वर राहायला खोली. आता मी जिथे भाड्यानं राहते तिथून ती गल्ली पायी जाण्याइतकी जवळ आहे. माझ्या जन्माआधी, नेम सोडून, तू तिथे एक पावसाळा काढलास आणि दिवाळीला चोपड्याजवळच्या आपल्या गावी आलीस ती परत गेलीच नाहीस. हे मला यंदाच्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी सांगितलं. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. सुटली होतीस, मग परत का आलीस?

नेमात तू सुखी नव्हतीस, हे मला लहानपणीच कळत होतं. कांदा-लसूण नाही, जत्रा नाही, दुसऱ्या देवाला हात जोडायचे नाहीत, आणि नेम न घेतलेल्याच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. थंडीत काकूंच्या मळ्यात वांगी भाजली की तू मला घेऊन जायचीस आणि बरोबर धुराच्या बाजूला बसायचीस. लसणाची फोडणी चरचरली की तू डोळे मिटायचीस. काकू हसायच्या, "काय वं अक्का, नेमवाली ना तू?" तू म्हणायचीस, "वास लेवाले नेम नही." घरी आल्यावर लसणाशिवाय केलेलं भरीत आपण मुकाट्यानं खायचो.

शाळेत घालायच्या आधी तूच मला अक्षरं शिकवलीस, केळीच्या दांड्यावर खिळ्यानं ओरखडे काढून. थोड्या वेळानं ओरखडा काळा पडायचा आणि अक्षर उमटायचं. मी एकदा विचारलं होतं, आपण काकूंकडे का जेवत नाही? तू रागावलीस. "आधी प्रश्न नीट लिहायला शीक, मग विचार." मी सातवीत असताना तू वारलीस. तोवर मला प्रश्न लिहिता येत होता, पण विचारायचं राहून गेलं.

म्हणून हल्ली मी इतरांना विचारते. धुळ्यातल्या आपल्या चुलत वहिनी नेमाला दिवसभर नावं ठेवतात. पंथाच्या बैठकीहून आल्या की पदर सोडायच्या आधीच सुरू होतात. कोण पुढे बसलं, कुणी कुणाच्या ताटात वाकून पाहिलं. मी म्हटलं, "वहिनी, एवढा वैताग आहे तर सोडून का देत नाही?" त्या म्हणाल्या, "अगं, सोडलं तर या बायकांबद्दल बोलू कोणाशी? बाहेरच्यांना त्यातलं काय कळणार?" आम्ही दोघी खूप हसलो. रात्री मात्र मला वाटलं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पापाची भीती कुणीच सांगत नाही, अक्का. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी माणसांचीच कारणं दिली. आजारपणात पाळीनं उशाशी बसणारे हेच. आई गेल्यापासून माझ्या वडिलांना, भाऊंना, रोज डबा पाठवणाऱ्या बायका याच. त्यांच्यावर मला नीट रागावताही येत नाही.

तुझं कारण शेवटी काकूंनीच सांगितलं. दिवाळीला तू आलीस तेव्हा तुला कुणी टाकून बोललं नाही. ओट्यावर बसवलं, ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी तू हट्टानं चूल पेटवून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केलीस आणि आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या भाऊंना वाढलीस. ते ताटासमोर बसले. भाकरीला हात लावला, आणि रडायलाच लागले. मग उठले आणि भाकरी बैलाला घातली. काकू म्हणाल्या, "तुनी अक्का मंग संध्याकाळी माले म्हने, तठे मी कोनाकडे बी खाऊ शकस. पन मना हातनी भाकर मना भाऊ खात नही, मंग मी कोनी शे?" मी कोणाची, एवढं विचारलंस आणि सकाळी तू पुन्हा नेम घेतलास.

भाऊंनी मला हे कधीच सांगितलं नाही. मी त्यांना विचारलेलंही नाही.

आपल्याकडे शिक्षण संपेपर्यंत मुलांचा हात घराचाच, म्हणजे नेमातलाच, धरतात. माझं शिक्षण संपलं, धुळ्यात नोकरी लागली, आणि आता बैठकीनं निरोप पाठवलाय की रविवारी येऊन नेम घे. मी घेणार नाही. एवढं माझं ठरलं आहे. अडचण वेगळीच आहे, आणि ती ऐकून तू पुन्हा रागावशील. महिन्यातून एकदा मी गावी जाते आणि भाऊंसाठी स्वयंपाक करते. मनात ठरलं त्या क्षणापासून माझा हात बाहेरचा झाला, की तोंडानं सांगेपर्यंत तो घराचाच? वहिनी म्हणतात, "जेवू दे त्यांना पोटभर, मग सांग. तेवढंच एक जेवण." मला ते करवत नाही. त्यांना ठाऊक नसताना त्यांचा नेम मी मोडला, असं होईल. त्या नेमासाठी त्यांनी तुझी भाकरी टाकली होती.

म्हणजे आधी सांगायचं, आणि मग चुलीपाशी जायचं. त्यांनी ताट सरकवलं तर मी तुझ्यासारखी परत फिरेन की नाही, हे मला खरंच माहीत नाही. तुझा नाइलाज होता असं समजत होते तेव्हा सोपं होतं. उपाशी ते राहणार नाहीत, डबा येईलच. तरी एक गोष्ट कबूल करते, हे पत्र कुठे जायचं नाही म्हणूनच. मला अजून वाटतं की या वेळी ते खातील. वय झालंय त्यांचं, आणि ते एकदा रडलेले आहेत.

बैठक रविवारी आहे. मी शनिवारी दुपारच्या एसटीनं निघते, आणि शनिवारीच, दिवेलागणीला, पीठ मळायच्या आधी त्यांना सांगते.