धारेची मासोळी

माय,

धारेची मासोळी वेगळी नाही निघाली. गावामागच्या टेकडीवरून येणाऱ्या नाल्याला तू धार म्हणायचीस, त्या धारेची. हे आधी तुलाच सांगायला पाहिजे, म्हणून लिहून राह्यले.

तू मला नेहमी चुलीपुढंच दिसतेस. दिवसभर कापूस वेचून आलेली, बोटांवर बोंडांचे ओरखडे. येता येता धारेतून पदरात धरून आणलेली सडपातळ, काळ्या पट्ट्याची मासोळी एका गंजात शिजते आहे, आणि बाबांनी बाजारातून आणलेली तळ्याची रुंद मासोळी दुसऱ्या गंजात. भांडी घासायचं काम माझं, म्हणून मी चिडते. "दोनी मासोळ्याच ना? मग दोन गंज काऊन?" तू मागं वळतही नाहीस. "एकात नोको टाकू वो. हे येगळी हाय. आपल्या धारेचीच हाय, दुसरीकडं कोठी भेटत नाही." तुझ्या त्या बोलण्यावर मी प्राणिशास्त्र घेतलं. तू गेलीस तेव्हा मी आदिलाबादच्या कॉलेजात नुकतीच लागले होते, त्यामुळे हे तुला कधी सांगितलंच नाही.

नवीन प्रजाती सापडली तर तिला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो. मला तुझं नाव द्यायचं होतं. शेताचा पट्टा बाबांच्या नावानं, घर दादाच्या, आणि रेशनकार्डावरून तर तुला लगेच कमी केलं. तुझं नाव कुठंच उरलं नाही, याचा मला फार राग येतो. लॅटिनमध्ये ते कसं दिसेल हे मी कितीदा लिहून पाहिलं. चांगलं दिसायचं गं.

मग हैदराबादला, प्रयोगशाळेत, धारेच्या मासोळीची अंडी काचेच्या टाकीत साध्या थांबलेल्या पाण्यात वाढवली. पिल्लं वेगळी असती तर सडपातळच राहिली असती. पण ती तळ्याच्या मासोळीसारखी रुंद होत गेली. काळा पट्टा फिका पडला. मी रोज सकाळी जाऊन पाहायची आणि पाहवायचं नाही. वाहत्या पाण्यात झगडून झगडून त्यांचं अंग तसं होतं, एवढंच होतं ते. मागून दोन्हींचा डीएनएही जुळला. आमचे सर म्हणाले, "दिल छोटा मत करो मॅडम. एक ही है, ये भी तो जवाब है." त्यांचं बरोबरच होतं. मी मान डोलावली, बाथरूममध्ये गेले आणि पोटभर रडले. तू दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं मला.

आज गावी आले आहे. दादानं मुद्दाम दोन्ही मासोळ्या आणल्या. मी दुसरा गंज काढला तर म्हणतो, "आता तूच म्हणून राह्यली ना एकच हाय म्हणून? मग काऊन भांडे वाढवतेस?" मी म्हटलं, "तू चूप बस. घासणार मी हाव." त्यानं सरपण आणून दिलं.

अहवालात मी एकच लिहिलं आहे, माय. तिथं खोटं लिहिता येत नाही, आणि लिहिलं असतं तर तुलाच आवडलं नसतं. पण गंज दोन ठेवले. तळ्याची लवकर शिजून गेली, उतरवली. धारेची अजून कडक होती. मी तिच्यापुढं बसून राहिले, आणि खरं सांगते, ती शिजूच नये असं वाटत होतं.