खंडेनवमीला घासलेली भट्टी

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. सकाळी साडेनऊ.

ऐन सीझनच्या तोंडावर मिलमधल्या शहाण्यांनी भट्टीच्या नळ्या घासल्या. का, तर खंडेनवमी! गजेंद्रनं फोटो पाठवला — सोयाबीन वाळवायची भट्टी, आतल्या पोलादी नळ्या आरशासारख्या, वर हळदकुंकू. ‘पाह्य आई, कशी चकाचक केली. ग्राइंडर मारला.’

घासून काढलेला तो करडा थर मळ नव्हता. अ‍ॅल्युमिनियमचा लेप होता. त्याच्यामुळेच नळ्या आगीत टिकतात. आता उघडं पोलाद जळत जाणार, पातळ होणार. भोक पडलं की ठिणग्या गरम हवेबरोबर थेट सोयाबीनमध्ये. आणि भट्टीसमोर ड्युटीवर माझा एकुलता एक मुलगा उभा. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं मी!

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

भट्टी पेटली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मॅनेजर महादेवरावांकडे गेले. ‘मॅडम, काऊन घाबरून राह्यल्या? सिल्वर पेंट मारून देतो नं.’ तो पेंट पहिल्याच आगीत उडेल, म्हटलं. नव्या नळ्या येईपर्यंत भट्टी बंद ठेवा. ‘सीझनमध्ये?’ — आणि फोन कानाला.

लेखी तक्रार टेबलावर ठेवून आले. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी दोन गोष्टी शिकवल्या — सुवाच्य अक्षर आणि गप्प बसणं. दुसरी जमली नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

गजेंद्रच्या शर्टाच्या खिशात काळे पापुद्रे. नळ्यांच्या लोखंडाचे. ‘राखेत रोजच निघतात. तुले तर गॅसची शेगडी पाहूनही भेव वाटते.’ हसला आणि ड्युटीवर गेला.

दुपारी मिलच्या बाजूला धूर दिसला. अनवाणी फाटकापर्यंत धावले. कुणी तरी शेताच्या धुऱ्यावर सोयाबीनचं कुटार, भुसकट जाळत होतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

गजेंद्रला भट्टीवरून काढून वजनकाट्यावर बसवलं. महादेवरावांचा फोन — ‘झालं नं मॅडम तुमच्या मनासारखं? आता तक्रार वापस घ्या.’

हो म्हणाले. पोटभर जेवले.

रविवार, १२ ऑक्टोबर

शेजारची झुंबरबाई पेढे घेऊन आली. ‘मॅडम, गजेंद्रभाऊची जागा आमच्या ह्यांले भेटली. भट्टीवर. घ्या, तोंड गोड करा.’

पेढा हातातच राहिला. ती गेल्यावर कागद घेतला —

महादेवराव, माझी तक्रार कायम आहे. भट्टी कधी बंद करता, ते मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी बाराच्या आत लेखी कळवा.