शाबासकीची नकली कूपनं आणि वहिदा मॅडम

तीर्थरूप कडूबामामांना, मुकुंदवाडीहून भाचा राजकुमार याचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून, आणि हे पत्र तुमचं पुरतं वाचून होईस्तोवर मान खालीच ठेवून नमस्कार.

मामींच्या गुडघ्याला आता कसं आहे? कांदा चाळीत टिकला का सडायला लागला? वैजापूरला ऊन लई आहे असं ऐकलं, दुपारचं मळ्यात जात जाऊ नका (तुम्ही जाणारच, पण भाच्यानं लिहायचं असतं). इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. शिवमही खुशाल आहे. त्याच्या खुशालीबद्दल पुढं सविस्तर येईलच. तुम्ही म्हणाल, फोन सोडून या गड्याला पत्र लिहायची हौस कुठून आली? मामा, फोनवर तुम्ही "हां, पुढं?" म्हणता, आणि मी पुढचं सांगायच्या आत पुढचं तुम्हीच सांगून टाकता. पत्राला मधेच तोडता येत नाही, एवढ्यासाठी पत्र.

तर झालं असं की जूनमध्ये शाळा उघडली आणि आमच्या मुख्याध्यापिका करुणा मॅडम कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या. शाळेत आता शिक्षेपेक्षा शाबासकी जास्त द्यायची, आणि ती एकट्यादुकट्या वर्गात नाही, तर पाचवी ते दहावी, मैदानापासून मुतारीपर्यंत, शिक्षकांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांनी एकाच पद्धतीनं द्यायची. नाव 'सकारात्मक वर्तन कार्यक्रम'. त्याला एक समन्वयक पाहिजे होता. मी त्या बैठकीला उशिरा पोचलो, तेवढ्यात बाकीच्यांनी नकार देऊन टाकले होते. समन्वयक म्हणजे काय विचाराल तर, लग्नात तो एक माणूस नसतो का, ज्याला मुलीकडचे मुलाकडचा समजतात आणि मुलाकडचे मुलीकडचा, आणि वरण संपलं की दोघंही त्याच्याकडंच बघतात? तो मी.

भिंतीवर तीन नियम रंगवून घेतले : आदर ठेवू, जबाबदारी घेऊ, सांभाळून वागू. कुणी यातलं काही करताना दिसलं की शिक्षकानं तिथंच थांबून, नेमकं काय चांगलं केलं ते सांगायचं आणि एक कूपन द्यायचं. ज्या वर्गाकडं आठवडाभरात पुरेशी कूपनं जमतील, त्या वर्गाला शनिवारी शेवटच्या तासाला मैदान मोकळं. ऐकायला सोपं वाटतं. पण मामा, आपल्याकडं कौतुक करायची सवय कुणाला आहे? मी बीएड पास झालो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "बरं झालं, आता केस काप." आमचे गणिताचे सर तसेच. एका पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज तू कालच्यापेक्षा कमी गाढवपणा केलास, अभिनंदन." पोरगं दिवसभर विचार करत होतं की घरी सांगावं का नाही. पोरांचं बघाल तर ती आमच्या चार पावलं पुढं. एका मुलीनं एकच पेन तीन शिक्षकांना 'सापडला' म्हणून आणून दिला. आमच्या शिपायांना दर तासाला इतक्या पोरांनी वाकून नमस्कार केला की ते शेवटी मागच्या फाटकानं ये-जा करायला लागले.

आता वहिदा मॅडमबद्दल सांगतो, कारण खरं तर हे पत्र त्यांच्याचसाठी आहे. वहिदा मॅडम आमच्याकडं मराठी शिकवतात. (हो मामा, मराठी. नव्या पालकांना पहिल्या दिवशी नवल वाटतं, दुसऱ्या दिवशी मॅडम त्यांच्या अर्जातल्या चुका काढून देतात, मग वाटत नाही.) आवाज कधी चढवत नाहीत. वर्गात आल्या की चष्मा पुसतात, आणि तो डोळ्यांवर चढायच्या आत वर्ग शांत होतो. बैठकीत मी कूपनांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "राजकुमार सर, मैं राशन की दुकान नहीं चलाती. मला एखाद्याचं काही आवडलं तर मी त्याला सांगते. त्याला चिठ्ठी कशाला लागते?" आणि गठ्ठा मला परत. मी मनात म्हटलं, झालं, कार्यक्रमाला पहिला विरोध इथून.

गणपतीनंतरच्या एका शनिवारी शेवटच्या तासाची घंटा झाली आणि पाचवी ते दहावी, झाडून सगळे वर्ग एकदम मैदानावर आले. सगळ्यांची कूपनं पुरेशी! कबड्डीच्या आखलेल्या मैदानात क्रिकेट, क्रिकेटमध्ये लंगडी, आणि मधोमध शिट्टी हरवलेले पीटीचे सर. तेवढ्यात संस्थेचे सचिव गाडीतून उतरले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाला कुणाचा तरी चेंडू लागला. मी धावत जाऊन सांगितलं की हे सगळं चांगल्या वागणुकीमुळं झालेलं आहे. मामा, त्यांचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

कूपनं नकली होती. कशी सापडली माहिती आहे? वहिदा मॅडमनी एक हातात घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "हे आपलं नाही. यात 'शाबासकी' बरोबर लिहिलंय." मी खरी कूपनं छापून घेतली होती त्यात 'शाबाशकी' होतं. दोन महिने अख्ख्या शाळेनं ते वाचलं आणि कुणी बोललं नाही (मॅडमनी गठ्ठा परत का केला, ते मला त्या दिवशी थोडं आणखी कळलं). नकली कूपनाला सोनेरी किनार होती, कागद जाड होता, एकूण माल आमच्यापेक्षा सरस. सोनेरी किनार म्हटल्यावर शोध लांब गेला नाही. नववीतल्या युसराच्या अब्बांचं, जावेदभाईंचं, लग्नपत्रिकांचं दुकान आहे. ती कबूल झाली. तिच्याबरोबर एक मुलगाही उभा राहिला आणि म्हणाला, मजकूर माझा आहे.

मामा, आता जरा खाली बसा. पाण्याचा तांब्या जवळ घ्या. तो मुलगा म्हणजे आपला शिवम. तुम्ही विश्वासानं माझ्या घरी शिकायला ठेवलेला तुमचा नातू.

सचिवांनी सोमवारी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले लिहून टेबलावर ठेवायला लावले. करुणा मॅडमचा चेहरा उतरला होता. मी तर कार्यक्रमाचा समन्वयक, वर गुन्हेगाराचा काका, मी काय तोंड उघडणार? मी भिंतीवरचे तीन नियम वाचत उभा राहिलो. तेव्हा ज्यांनी आजवर एकही कूपन कुणाला दिलं नव्हतं त्या वहिदा मॅडम पुढं आल्या आणि त्यांनी शिवमला एवढंच विचारलं, "कुणाकुणाला वाटलीस रे?"

शिवम म्हणाला, "मॅडम, ज्यांना कुणीच देत नाय त्यांना. प्रत्येक वर्गात तेच तेच चौघं पुढच्या बाकावरचे, त्यांनाच मिळतं. मागच्यांच्या कंपासपेटीत आम्ही गुपचूप टाकून आलो."

"आणि स्वतःला?"

"थोडी ठेवली," शिवम म्हणाला. (थोडी नव्हती मामा, दप्तर झटकलं तेव्हा टेबल झाकलं गेलं. खोटं लिहीत नाही.)

सचिव म्हणाले, बघा, चोर आणि वर साव. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, फसवलं आहे, त्याची भरपाई झालीच पाहिजे. पण दाखला दिला तर भरपाई कोण करणार? या दोघांनी काम न बघता शाबासकी वाटली. आता ज्याला ज्याला वाटली, त्याचं काम शोधून आणायचं. खरं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. आणि परिपाठात सगळ्यांसमोर सांगायचं. तोवर दाखले माझ्या कपाटात राहू द्या." सचिवांना असं कुणी बोलत नाही. ते काही बोलणार तेवढ्यात मॅडमनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. सचिव गप्प झाले. मी शपथेवर सांगतो, ते आमच्याच शाळेतून शिकलेले आहेत.

मग ती दोघं कामाला लागली. सोपं नव्हतं हो. मागच्या बाकावरच्या पोराचं चांगलं दिसायला त्याच्याकडं बघावं लागतं, आणि तिथं आम्हीच कधी बघितलं नव्हतं. युसरा पाण्याच्या टाकीपाशी उभी राहायची, शिवम मुतारीच्या रांगेपाशी. घरी आला की जेवता जेवता मला विचारायचा, काका, 'मारलं नाही' हे चांगलं काम धरायचं का? मी म्हणायचो, मॅडमना विचार. मॅडम म्हणायच्या, हात उचलून खाली घेतला असेल तर धर.

रोज परिपाठात दोघं उभं राहून सांगायची. अमकी मुलगी जेवताना आपली चटणी आधी दुसरीला देते. अमका मुलगा तोतऱ्या मित्राचं वाक्य कधी तोडत नाही. एक दिवस आठवीतल्या सम्यकची पाळी आली. या सम्यकबद्दल बरं किंवा वाईट, कुणीच कधी काही बोललेलं मला आठवत नाही. शिवम म्हणाला, "राजकुमार सर विज्ञानाच्या तासाला विनोद करतात तेव्हा वर्गात कुणीच हसत नाय. सम्यक एकटा हसतो. मी विचारलं का हसतो, तर म्हणाला, सरांना वाईट वाटू नये म्हणून." सगळी शाळा हसली. मीही हसलो. मग सम्यककडं बघितलं, तर पोरगं लाजेनं लालबुंद झालेलं आणि ओठांच्या कडेला हसू मावत नव्हतं. मला पुढं परिपाठ चालवता येईना. वहिदा मॅडमनी माझ्या हातातून माईक घेतला आणि राष्ट्रगीत सुरू केलं.

आता आमच्याकडं कूपनं नाहीत. शिक्षकच परिपाठात उभं राहून बघितलेलं सांगतात. गणिताचे सर परवा एका मुलाबद्दल पूर्ण वाक्य बोलले आणि त्यात गाढव नव्हतं. दुसऱ्या शाळांचे लोक बघायला येतात, करुणा मॅडम त्यांना माझं नाव सांगतात, आणि मी त्यांना वहिदा मॅडमच्या वर्गापाशी नेऊन सोडतो. मॅडम म्हणतात, "मैंने क्या किया, सर? मी फक्त चष्मा पुसला." मामा, माणसं बघावीत ती अशी.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावायला सांगा.

आपला आज्ञाधारक भाचा,
राजकुमार

ता. क. : दाखले अजून मॅडमच्या कपाटातच आहेत. सचिवांची एक अट आहे, ते फाडायचे तर पालकांनी शाळेत यायचं. जावेदभाई येऊन गेले, युसराचं प्रकरण मिटलं. शिवमच्या नावापुढं पालक म्हणून तुमचं नाव आहे. येत्या शनिवारी सकाळी या. काठी घरी ठेवून या.

ता. क. दुसरा : वहिदा मॅडमची अट वेगळी आहे. पालकानं परिपाठात, सगळ्यांसमोर, पोराबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. "अभ्यास केला तर हुशार आहे" हे धरत नाहीत, मी विचारून घेतलं. काही सुचलं नाही तर मामींना सोबत आणा.

ता. क. शेवटचा : मी शिवमला विचारलं, आजोबांनी काय बोलावं असं तुला वाटतं? म्हणाला, "नाय बोलले तरी चालेल, काका. फक्त फेटा बांधून यायला सांगा. पोरांना दाखवायचेत."