एका नावासाठी मुंबईपर्यंत

गुरुजी, काल मी सायकलनं मुंबईला जाऊन आलो. ऐकून तुम्ही चष्म्यावरून बघितलं असतंत आणि 'काय अडलं होतं?' म्हणाला असतात. अडलं होतं आपल्या शाळेचं. पटावर एक नाव कमी पडतंय. ते मिळालं नाही तर जूनपासून शाळेला कुलूप. मग उरलेल्या पोरांनी पुढच्या गावी चालत जायचं, म्हणजे निम्मी जाणारच नाहीत.

दुसरीतली एक मुलगी दिवाळीनंतर मुंबईत शिवडीला गेली. बाप तिथल्या गोदामात कामाला लागला होता. तो शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला तेव्हा मी दहा मिनिटांत लिहून, शिक्का मारून हातात ठेवला. कामाची टापटीप दाखवायची हौस मला आहेच. तुम्ही मात्र पहिल्या खेपेला कधी कुणाला दाखला दिला नाहीत. 'शिक्का सापडत नाही, सोमवारी या,' म्हणायचात, आणि शिक्का टेबलावर सगळ्यांना दिसत असायचा. सोमवारपर्यंत बऱ्याच बापांचा बेत बदललेला असायचा. मी नवा नवा तुमच्या हाताखाली आलो तेव्हा याला लबाडी म्हणालो होतो, तुमच्या तोंडावर. तुम्ही एवढंच म्हणालात, "दाखला लिहायला अक्कल लागत नाही रे. न लिहायला लागते." तेव्हा मला राग आला होता. आता लाज वाटते.

गैरहजर पोराच्या दारात तुम्ही सायकलनं जायचात, म्हणून मीही सायकल काढली. पहाटे काशीद सोडलं. रेवदंड्याच्या पुलावर समोरून वारा, चौलला सुपारीच्या बागांची जरा सावली, आणि अलिबागपासून पुढे मुंबईकरांच्या गाड्या इतक्या खेटून जात होत्या की मी दोनदा कडेच्या मातीत उतरलो. मांडव्याला गाड्या नेणाऱ्या बोटीत सायकल चढवली. भाऊच्या धक्क्यापासून शिवडीपर्यंत ट्रेलरांच्या धुरात पायडल मारताना मांड्या भरून आल्या होत्या, तरी काय बोलायचं त्याची जुळवाजुळव चालूच होती.

बाप कामावर होता. आईनं आधी पाणी दिलं, मग चहा टाकला. "सर, एवढ्या लांब सायकलवर?" मुलगी वही घेऊन आली आणि इंग्रजीतली चार वाक्यं न अडखळता वाचून दाखवली. छान वाचली. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. मी म्हणालो, "एक वर्ष तिला गावाला आजीकडं ठेवा. शाळा वाचेल."

आईनं सगळं ऐकून घेतलं. "सर, साळा बंद पडू नये असं मलाबी वाटतंय. पन माझ्या एकटीच्या पोरीनं किती टेकू द्यायचा?" आणि मग, काही मनात न ठेवता, "तुमची मुलगी कुठं शिकते?"

"अलिबागला," मी म्हणालो. "इंग्रजी शाळेत."

तिनं माझा कप उचलला. आणखी चहा घेणार का, एवढं विचारलं.

दुपारच्या बोटीनं परतलो. मांडव्याहून पुढे सायकल टेम्पोत टाकली, पाय चालेनात. आज वर्गात पोरांनी विचारलं, 'ती कधी येणार?' मी फळ्याकडे वळून पाढे लिहायला घेतले. आता शाळा वाचत नाही, गुरुजी. वाचावी असं म्हणायचं तोंडही माझ्याजवळ उरलेलं नाही.

तुम्ही गेलात तिथला पत्ता नसतो, म्हणून हे पत्र पाठवता येत नाही. शाळेच्या कपाटात ठेवतो. जूनमध्ये कपाटही कुणीतरी घेऊन जाईल. आणि खरं सांगतो, त्या आईनं विचारलं नसतं, तर माझ्या मुलीचं मी तुम्हालाही सांगितलं नसतं.