संयोगिताचं प्रवासी विमान

शाहूपुरी, कोल्हापूर
३ नोव्हेंबर

चि. संयोगितास, अ. उ. आ.

फोनवर तू कायम घाईत असतीस, म्हणून लिहून कळवते. आमच्या भजनी मंडळानं गोव्याला जायचं ठरवलंय. आठ जणी हाव. मी सांगून टाकलं, माझी लेक नौदलात प्रवासी विमान चालवती, तिकिटं कशाला काढायची? अक्काताईंना खिडकीची जागा दे, त्यांना मळमळतं. डब्यात धपाटी आणि खर्डा घेतोय. विमानात उघडला तर कुणी रागावत न्हाय की? तारीख कळव. बाबा नुसतं हसत्यात, का ते सांगत न्हाईत.

उत्तराची वाट बघणारी,
आई

कोची
९ नोव्हेंबर

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाम फुटला. बाबा हसतात, कारण त्यांना ठाऊक आहे. मी नौदलात निघाले तेव्हा तू दोन दिवस रडत होतीस, म्हणून मी प्रवासी विमान म्हणाले. अगदीच खोटं नव्हतं. मी चालवते ते डॉर्निअर विमान मुळात एकोणीस प्रवाशांसाठीच बनवलेलं. पण आमच्या विमानातल्या खुर्च्या काढून तिथं यंत्रं बसवलीत, पोटाखाली रडार आहे. आम्ही समुद्रावर गस्त घालतो, कधी कधी खूप खाली उतरून. धोका असतो, आई. खर्डाही चालणार नाही.

रागाव, पण बोलणं टाकू नकोस.
तुझी संयोगिता

शाहूपुरी
१६ नोव्हेंबर

चि. संयोगितास आशीर्वाद. तेवढे देते.

दोन वर्षं मी गल्लीभर सांगत हिंडले, लेक लोकांना पोचवती म्हणून. मंडळात तोंड कसं दाखवू, ते राहू दे. बाबांना सांगितलंस आणि मला न्हाय, हे लागलं. घरच्यांना विमान दाखवायचा एक दिवस असतो म्हणं. मी येते. बाबा घरी राहतील, ही त्यांची शिक्षा.

आई

शाहूपुरी
७ डिसेंबर

चि. संयोगितास, अ. उ. आ.

सुखरूप पोचले. विमान बघून आधी वाटलं, एवढं बारकं? तू साहेबांशी बोलत हुतीस, तेव्हा तुझ्या विमानावरच्या स्वप्नालीनं मला तिच्या खिडकीशी बसवलं. ती तिथनं समुद्र न्याहाळती म्हणं. तिनं सांगितलं, जुलैत होडी उलटून चौघं पाण्यात पडलते. हिला लाल सदरा दिसला, तू विमान खाली घेतलंस, तराफा टाकलात, आणि बोट येईस्तवर वर घिरट्या घालत राहिलीस. चौघंबी वाचले. त्या दिवशी फोनवर तू मला सांगितलंवतंस, दिवसभर झोप काढली. मी तिच्यासमोर रडले न्हाय, परतीच्या गाडीत रडले.

मंडळात सगळं खरं सांगून टाकलं. मग अक्काताईंनी विचारलं, गोव्याचं काय? एस्टीनं चाललोय.

आता माझं ऐक. कुठं चाललीस ते सांगू नकोस. पण निघताना एक मेसेज, उतरल्यावर एक. मधल्या वेळात काळजी करणं माझं काम हाय. ते परस्पर बाबांकडं देऊ नकोस.

माया हाय तशीच हाय.
तुझी आई