न कळवलेलं वजन

बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
शनिवार, १८ जानेवारी २०२५

प्रिय गोदा,

खूप आशीर्वाद. तिकडे हैदराबादला थंडी कमी असेल. इथं सकाळी पाण्यात हात घालवत नाही. ‘आम्ही सगळे मजेत’ असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

बाबांची या आठवड्यात रात्रपाळी आहे. कॉलेजात माझ्या विषयाचे पेपर तपासून झाले. तू इथं ठेवून गेलेलं विमान चालवायच्या अभ्यासाचं जाड पुस्तक मी हल्ली वाचते. इतिहास शिकवणारीला ते झेपत नाही, तरी चार वेग कळले. पहिल्या वेगापर्यंत थांबता येतं, त्यानंतर थांबायला धावपट्टी पुरत नाही. दुसऱ्याला नाक उचलायचं. तिसरा असा, की एक इंजिन बंद पडलं तरी विमान चढत राहतं. चौथा उतरताना, धावपट्टीच्या उंबरठ्यावरचा.

आजींना मी हे समजावत होते. जड विमान जास्त वेगानं उतरवावं लागतं म्हटल्यावर त्या हसायलाच लागल्या. “आगं, डोक्यावर भरला हंडा आसल्यावर कोन पळतं? तुमचं इमान लई येडं हाय.” पंखांना तेवढा वारा लागतो, म्हटलं. “व्हय का? मंग गोदीला म्हनावं, हलकंच इमान घे.”

परवा तू फोनवर रडलीस, ते मनातून जात नाही. जमिनीवरच्या त्या नकली विमानात तुमच्या सरांनी मुद्दाम वजन कमी सांगितलं आणि तू ते कागदाशी ताडून न पाहता गणितात भरलंस. वेग कमी निघाले, नाक लवकर उचललं गेलं, शेपूट जमिनीला घासलं. “आई, वजनच खोटं असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे गं,” असं तू म्हणालीस. मग मध्येच थांबून विचारलंस, “तुझा आवाज असा का येतोय?”

मी सर्दी म्हणाले. सर्दी नव्हती, गोदा. मी तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते.

डाव्या स्तनात गाठ आहे. तपासणीत कॅन्सर निघाला. लहान आहे, वेळेत सापडला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला त्यांचं म्हणणं पटलं आहे. ऑपरेशन येत्या गुरुवारी, तेवीस तारखेला. नकली विमानातली तुझी फेरपरीक्षाही त्याच दिवशी.

आजींनी बजावलं, “पोरगी कामाला भाईर पडली का मागून हाक मारू नाय. पास होऊ दे, मंग सांग.” बाबांनीही मान डोलावली. मलाही ते सोयीचं वाटलं. ‘गोदाच्या भल्यासाठी गप्प राहायचं’ असं डायरीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर ते वाक्य खरं वाटेना. मला तुझी काळजी होती, हे खरंच. पण तू आलीस तर तुझ्यासमोर माझा धीर सुटेल, ही भीती त्याहून मोठी होती. मी तुझ्या भल्याचं नाव पुढं केलं.

आणि तू मला सांगितलंस तेच मी तुझ्याशी करत होते. तुझ्या विमानात माझं वजन न सांगता ठेवत होते. परीक्षेला बसायचं की पुढची तारीख मागायची, हे तुझं तू काढ. पुस्तकात आहे, की हे आकडे दर उड्डाणाला नव्यानं काढायचे असतात, कालचे आज चालत नाहीत. म्हणून माझ्या मनाची गणितं तुला पाठवत नाही. आलीस तर ‘कशाला आलीस’ म्हणणार नाही. नाही आलीस तर बाबा आहेत, आजी आहेत. माझ्या मनात कसलीही अढी राहणार नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. ती लिहू की नको, यात चहा दोनदा गार झाला. ऑपरेशनच्या आधी तुला एकदा बघावंसं वाटतं. हेही वजनातच धर. त्यापुढं काय निघेल ते मला मान्य.

फोनवर ‘बरी आहेस ना?’ असं विचारू नकोस. ‘कशी आहेस?’ असं विचार.

आता विचारलंस तर खरं सांगणारी,
तुझी आई